फियाटचे मागचे शॉकअप बदलायचेत : ऑइलचे की गॅसचे? आणि आधी पाटे बघायचे का?

घाटमाथा_पुणे
नमस्कार मंडळी.

घरात १९७८ची प्रीमियर पद्मिनी (म्हणजे फियाटच) आहे, वडिलांनी घेतलेली. इंजिन ठणठणीत, कार्बोरेटर साफ करून घेतलाय, ब्रेक सरळ लागतात. त्रास आहे तो मागच्या बाजूला. स्पीडब्रेकर ओलांडला की गाडी मागून दोन-तीनदा वरखाली होत राहते. चाक खड्ड्यात गेलं की डावीकडून खट्ट आवाज येतो. डावी बाजू उजवीपेक्षा थोडी बसलेलीही दिसते. मागे दोघं बसले आणि डिकीत सामान असलं तर टायर वर घासेल की काय असं वाटतं.

एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, "शॉकअप गेलेत, दोन्ही गॅसचे टाकू, गाडी आपोआप वर उचलली जाईल." दुसरा म्हणतो मागचं सगळं उतरवा, पाटे-बिटे (पाटे म्हणजे पोलादी पानांच्या स्प्रिंगा) सगळं नवं. दोघांनीही गाडीखाली वाकून बघितलं नाही.

गणपतीत गुहागरला जायचंय, कुंभार्ली घाटाने. आई बरोबर असेल आणि ती मागेच बसते, त्यामुळे हे काम नीट व्हायला हवं. गॅसचे घ्यावेत का? जुने भरून घेता येतात का? आणि हे काम घरच्या अंगणात जमण्यासारखं आहे का?

निरंजन_क
दोन्ही बाजूंचे एकदम बदला. एकच बदललात तर गाडी वळणावर एका बाजूला वेगळी आणि दुसऱ्या बाजूला वेगळी वागेल. बाकी जाणकार येतीलच.

कुर्ला_पश्चिम
शॉकअप घ्यायला धावू नका. आधी एक गोष्ट पक्की करू : पद्मिनीच्या मागच्या बाजूचं वजन शॉकअप उचलत नाही, पाटे उचलतात. पुढे कॉइल स्प्रिंग आहे, मागे सरळ हाउसिंग (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा जड भाग) आणि दोन्हीकडे पाटे. शॉकअपचं काम फक्त हलणं थांबवायचं. तेव्हा 'डावी बाजू बसली' याचा दोष शॉकअपला देता येणार नाही. ती पाट्याची तक्रार आहे. 'दोन-तीनदा वरखाली होते' ही शॉकअपची. 'खट्ट' ही बहुतेक बुशची (जोडातल्या रबरी नळकांडीची), किंवा शॉकअपच्या टोकाच्या रबराची. तीन वेगळी दुखणी एकत्र आलेली दिसतात.

गाडी सपाट फरशीवर घ्या. चारही टायरांत हवा सारखी भरा, डिकी रिकामी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप लावून दोन्हीकडे मोजा. मग खाली जाऊन टॉर्च मारा : एखादं पान तुटलंय का, सेंटर बोल्ट (पानं एकत्र धरणारा) जागेवर आहे का, पानं एकमेकांवरून बाजूला सरकलीत का, मागच्या शॅकलचं (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीचं) रबर उरलंय का. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की तो गेलाच समजा.

माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात होते. शॉकअपच्या आधी पाटा बघायचा, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

अनघा_द
+१. मागच्या टायरवर हात फिरवून बघा. ठिकठिकाणी झिजून खोलगट चट्टे पडले असतील तर चाक रस्त्यावर नाचतंय, म्हणजे शॉकअप कामातून गेलाय.

टॅक्सीवाल्याचा_मुलगा
घाटमाथा, ही गाडी कधी टॅक्सी होती का, किंवा कधी सीएनजी बसवला होता का?

विचारायचं कारण आहे. आमच्या घरी काळी-पिवळी होती. २०००नंतर मुंबईतल्या टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, तेव्हा डिकीत पोलादी टाकी आली. तिचं वजन कायमचं मागच्या पाट्यांवर. वर कॅरिअरवर दादर स्टेशनच्या पॅसेंजरच्या ट्रंका. मग पाटेवाल्याकडे जाऊन एक पान वाढवून घ्यायचे. गाडी उचलली जायची, पण रिकामी असताना मागून आदळायची. शॉकअप तेच जुने. कडक झालेल्या पाट्याचा परत उसळण्याचा जोर त्यांना आवरायचा नाही आणि ते लवकर गळायला लागायचे. अशा गाड्या नंतर टाकी काढून खाजगी लोकांनी विकत घेतल्या, वाढवलेलं पान तसंच राहिलं.

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. त्या दिवशी आमच्या घरी कुणाला जेवण गेलं नाही. वडिलांचं अर्धं आयुष्य त्या स्टिअरिंगमागे गेलं.

घाटमाथा_पुणे
नाही दादा, पहिल्यापासून घरचीच आहे. सीएनजी कधीच नव्हता. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

उद्या मोजमाप घेतो.

स्पंदन
थोडं यंत्रशास्त्र सांगतो, निर्णयाला उपयोग होईल.

स्प्रिंगवर बसलेली गाडी धक्का बसल्यावर सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वरखाली होऊ पाहते. चाक आणि हाउसिंग यांची स्वतःची थरथर याहून बरीच जलद, सेकंदाला दहा-बारा वेळा. शॉकअपला दोन्ही आवरायच्या असतात. पहिली सुटली तर गाडी डुलते, पोटात ढवळतं. दुसरी सुटली तर चाक क्षणभर रस्ता सोडतं, आणि ही जास्त घातक आहे. ज्या क्षणी चाक हवेत, त्या क्षणी त्या चाकाचा ब्रेक नाही आणि वळणावर पकडही नाही. पद्मिनीचं मागचं हाउसिंग एकसंध आहे आणि डिफरन्शियलसकट जड आहे, त्यामुळे एका चाकाचा धक्का दुसऱ्यालाही लागतो.

शॉकअपच्या आत दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक झडपांतून जातं, आणि हालचालीची ऊर्जा तेल गरम होण्यात संपते. सलग खराब रस्त्यावर चालवून शॉकअपला जपून हात लावा. गरम लागला तर काम करतोय. एक गरम आणि एक गार असेल तर गार आहे तो निकामी.

गॅसबद्दल. जुन्या पद्धतीच्या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये तेलावर साधी हवा असते. दट्ट्या जोरात चालला की तेलात हवा मिसळून फेस होतो, आणि फेस काही अडवत नाही. हवेच्या जागी थोड्या दाबाने नायट्रोजन भरला की फेस कमी होतो. गॅसचा फायदा एवढाच. त्या दाबाने गाडी जी उचलली जाते ती नगण्य. 'गॅसचे टाका, गाडी वर येईल' हे तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं साफ चूक आहे.

सह्याद्री_४x४
माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या पद्मिनीत गॅसचे आहेत, खंडाळ्याच्या वळणांवर गाडी जमिनीला चिकटून जाते. ऑइलवाल्यांनी कधी असं वाटलं नव्हतं. शास्त्र काही म्हणो, मी परत ऑइलचे घेणार नाही.

स्पंदन
@सह्याद्री, तुमचा अनुभव खोटा नाही. पण तुम्हाला जाणवतोय तो झडपांचा कडकपणा. गॅसचा मऊ शॉकअपही असतो आणि ऑइलचा कडकही. तुमचे कुठल्या गाडीचे आहेत?

सह्याद्री_४x४
एका छोट्या व्हॅनचे. टोकं बदलून बसवलेत.

कुर्ला_पश्चिम
तिथेच माझी हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. व्हॅन भरून चालण्यासाठी असते, तिचा शॉकअप तिच्या वजनासाठी बेतलेला. पद्मिनीचं रिकामं वजन ९०० किलोच्या आसपास आणि मागे बहुतेक वेळा कुणी नसतं. जास्त कडक शॉकअप असला की पाट्याने झेलायचा धक्का थेट वरच्या पत्र्यात जातो. मुंबईच्या खाऱ्या हवेत चाळीस वर्षं काढलेला तो पत्रा. शॉकअपचं वरचं टोक जिथे बॉडीला धरतं तिथे तडे गेलेल्या गाड्या मी पाहिल्यात. सह्याद्री, पुन्हा घाटात जाण्याआधी ती जागा खरवडून बघाच. भांडण म्हणून नाही, काळजीने सांगतोय.

सह्याद्री_४x४
बघतो. ती जागा मी कधी उघडून पाहिलेली नाही हे खरं.

लेस्टरकर
धागा वाचून राहवलं नाही. इथे इंग्लंडात माझ्याकडे मॉरिस मायनर (जुनी ब्रिटिश गाडी) आहे, तिला पुढे-मागे कुठेच नळीचे शॉकअप नाहीत. आर्मस्ट्राँगचे लिव्हरवाले आहेत : बॉडीला बोल्टने घट्ट बसवलेली तेलाची डबी, तिच्यातून एक हात बाहेर येतो आणि मागच्या बाजूला तो एका दांड्याने पाट्याच्या तळाशी जोडलेला असतो. हात हलला की आत दट्टे चालतात. वर तेल भरायचं बूच असतं, तेल बघायचं आणि भरायचं. एमजीबीला (ब्रिटिश स्पोर्ट्स कारला) तर मागचे असे लिव्हरवाले १९८०मध्ये गाडी बंद होईपर्यंत होते.

इथेही हाच वाद चालतो. नळीचे शॉकअप बसवायचे किट मिळतात, अर्धे लोक बसवतात, अर्धे त्यांच्याशी बोलत नाहीत. मी मूळचेच ठेवलेत, जुने देऊन दुरुस्त केलेले घेतले. गाडी ज्या रस्त्यांसाठी बनली त्या वेगाने चालवली तर ते पुरतात.

मधुकर_नागपूर
लेस्टरकर, छान माहिती. आमच्या काकांच्या जुन्या अँबॅसडरलाही लिव्हरवालेच होते. ती मॉरिस ऑक्सफर्डचीच बहीण. काका दर दिवाळीआधी तेल भरायचे.

घाटमाथा_पुणे
मोजलं. डावीकडची उंची उजवीपेक्षा जवळजवळ ३० मिमी कमी. खाली गेलो तर वरून दुसरं पान डाव्या बाजूला आडवं चिरलंय, चिरेतला गंज जुना आहे. शॅकलचं रबर भुगा झालंय, लोखंडावर लोखंड घासून चकाकतंय, म्हणजे खट्ट तिथलंच. डावा शॉकअप तेलाने माखलाय. उजवा कोरडा आहे, पण हाताने दाबल्यावर गाडी त्या बाजूलाही डुलते.

कुर्ला_पश्चिम, तुम्ही गाडी न बघता जे सांगितलंत ते जसंच्या तसं निघालं. आता पाट्यांचं काय करू? नवे मिळतील का?

पेठेतला
पुण्यात असाल तर आधी नाना पेठेत फिरा, मग रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. मुंबईला जाणं झालं तर ऑपेरा हाऊसची दुकानं आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना शॉकअप काढून हातात घेऊन जा, फोटोवर घेऊ नका. ही गाडी कितीतरी वर्षं बनली, मधल्या काळात कुणी काय बसवलं असेल सांगता येत नाही.

पाटे : चिरलेलं पान बदलून बाकीच्यांना पाटेवाला कमान काढून देईल. दोन्ही बाजूंचे एकदम द्या, नाहीतर पुन्हा एक बाजू वर, एक खाली. आणि त्याला निक्षून सांगा, पान वाढवायचं नाही. विचारलं नाही तर 'मजबूत करतो' म्हणून एक घालून देतात.

जुने शॉकअप भरून देणारेही आहेत. मी भरून घेतले होते, एक पावसाळा गेला आणि पुन्हा गळले. नळी कापून, तेल घालून परत वेल्ड करतात. आतली झडप झिजलेली तशीच राहते, दांड्यावर ओरखडा असला तर नवं सीलही टिकत नाही. नवे मिळत असताना हे करू नये.

श्रीपाद_रत्नागिरी
पेठेतला यांच्याशी थोडा असहमत. सगळ्यांना नवे परवडतात किंवा मिळतात असं नाही. आमच्याकडे एक म्हातारे कारागीर होते, ते दांड्याला नवं क्रोम करून घ्यायचे, झडपेच्या पट्ट्या बदलायचे, दोन्ही शॉकअप हाताने ओढून त्यांचा जोर सारखा आहे की नाही ते बघायचे. असा माणूस असेल तर भरलेला शॉकअपही वर्षानुवर्षं जातो. मात्र तसा माणूस नसेल तर नव्याला पर्याय नाही, हे मान्य.

अजून एक. पाटे नवे करून आणले की पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारून घेतात ना, ते जरूर करा. गंज धरत नाही.

अनघा_द
श्रीपादकाका, पत्र्यापुरतं ठीक आहे, पण ते ऑइल शॅकलच्या आणि शॉकअपच्या रबरांवर गेलं की रबर फुगून मऊ पडतं आणि तुटतं. घाटमाथा यांचं रबर भुगा होण्यात त्याचाही हात असू शकतो. मारायचंच तर आधी रबरांना प्लास्टिकची पिशवी बांधावी. आणि पानांच्या मधल्या घर्षणानेही गाडीचं हलणं थोडं शमतं, पानं तेलात न्हाली की तेवढा भार पुन्हा शॉकअपवर.

श्रीपाद_रत्नागिरी
पिशवीचं पटलं, अनघाताई. यंदा तसंच करतो. पण कोकणात पाटे कोरडे ठेवा म्हणालात तर ते मात्र मी ऐकणार नाही.

घाटमाथा_पुणे
पाटे पाटेवाल्याकडे दिलेत. शॉकअप ऑइलचेच ठरवले, जुना हातात घेऊनच आणले. बसवायचं काम भाऊ आणि मी अंगणात करणार आहोत. काय काळजी घ्यावी?

कुर्ला_पश्चिम
उत्तम. ऐका.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (दगड किंवा लाकडाचा अडसर) लावा. पद्मिनीचा हँडब्रेक पुढच्या चाकांना धरत नाही, मागची बाजू उचलल्यावर तो गाडी थोपवत नाही. बॉडी भक्कम जागी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेका, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कुणीही खाली शिरायचं नाही. शिवाय हाउसिंगखाली वेगळा जॅक लावा आणि थोडा वर घ्या. तो नसेल तर शॉकअप सुटताच हाउसिंग खाली लोंबतं आणि ब्रेकच्या होजला ताण बसतो.

नट गंजलेले असणार. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट) वापरा, फिक्स पान्याने कोपरे जातील. नट सुटला नाही तर छिन्नीने फोडा किंवा हॅकसॉने कापा. गॅसच्या ज्योतीने गरम करायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. पेट्रोलची टाकी मागे आहे, आणि शॉकअपची तेल भरलेली बंद नळी तापून फुटू शकते.

नवा बसवण्याआधी जुन्याशेजारी ठेवा. पूर्ण मिटलेली आणि पूर्ण ओढलेली लांबी दोन्ही जुळली पाहिजे. मिटलेली लांबी जास्त असेल तर मोठ्या खड्ड्यात हाउसिंग बंप रबराला (वरच्या धक्का झेलणाऱ्या रबराला) टेकायच्या आधी शॉकअपच आतून आदळेल. ओढलेली कमी असेल तर चाक खाली जाताना तोच ताणून तुटेल. पाट्यांना नवी कमान आल्यावर गाडी आता उंच बसणार, म्हणून हे नक्की बघा.

दुकानात आडवा पडलेला असतो, आतल्या नळीत हवा शिरलेली असते. उभा धरून, जसा गाडीत बसणार तसा, सावकाश पूर्ण ओढा आणि दाबा. मधे पोकळ जागा लागणं थांबेपर्यंत करत राहा.

आणि दांड्याला पकड किंवा प्लायर लावायचा नाही. क्रोमवर ओरखडा पडला की सील त्याच दिवसापासून कापलं जातं.

स्पंदन
वरच्यात एक भर : शॅकल आणि पाट्याच्या पुढच्या टोकाचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळू नका. आधी हातापुरते घट्ट करा, गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-तीनदा दाबून बसू द्या, मग आवळा. हवेत आवळले की रबर त्या स्थितीत धरलं जातं आणि गाडी उतरल्यावर कायम पिळलेलं राहतं. शॉकअपच्या टोकाचं रबर वायसरइतकं फुगेल एवढंच आवळा.

विंटेज_आणि_वारसा
जरा वेगळा मुद्दा. ज्यांच्या गाड्या ५० वर्षांच्या वर आहेत त्यांनी व्हॅनचे शॉकअप बसवण्यासाठी पकडी वेल्ड करण्याआधी विचार करावा. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदणी मिळते, 'व्हीए' मालिकेचा नंबर, शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. पण गाडी मूळ रूपात लागते, चासी-बॉडीत मोठे बदल चालत नाहीत. आणि ती मग रोजच्या वापराला नेता येत नाही.

मधुकर_नागपूर
घाटमाथांची १९७८ची आहे, वेळ आहे अजून.

घाटमाथा_पुणे
काम झालं. डाव्या बाजूचा वरचा नट शेवटी कापावाच लागला, बाकी सगळं सांगितल्याप्रमाणे सुटलं. वरची पत्र्याची जागा खरवडून पाहिली, गंज वरवरचा होता, घासून प्रायमर मारला. आता दोन्ही बाजूंच्या उंचीत फक्त ५ मिमीचा फरक आहे. स्पीडब्रेकरवर गाडी एकदा खाली जाते, वर येते आणि थांबते. खट्ट आवाज नाही.

आईला मागे बसवून सिंहगड रस्त्याने नेऊन आणलं. ती म्हणाली, घ्या आता गुहागरचं सामान भरायला.

सह्याद्री_४x४
अभिनंदन! मीही माझी वरची जागा उघडली. उजवीकडे बोटभर तडा आहे. व्हॅनचे काढतोय. डेंटरकडून पत्रा नीट करून घेतो आणि मग पद्मिनीच्याच मापाचे ऑइलचे बसवतो. कुर्ला_पश्चिम, मनापासून आभार.

नवीन_सभासद_डिलाइट
सगळा धागा वाचला. माझी १९६८ची फियाट ११०० डिलाइट आहे. पद्मिनीचे मागचे शॉकअप तिला चालतील का?

पेठेतला
गाडी मूळची तीच, डिलाइटचीच पुढे पद्मिनी झाली. तरी जुना काढा, दोन्ही लांब्या मोजा, टोकांची बनावट आणि बुशची रुंदी बघा आणि नाना पेठेत या. शनिवारी मी तिथेच असतो, बरोबर फिरू.

कुर्ला_पश्चिम
@घाटमाथा, एक राहिलं. पाटे उतरवून बसवलेत, तेव्हा यू-बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळणारे) नव्याने ओढलेत. पानं बसत जातात तसे ते सैल पडतात. गुहागरला निघण्याआधी दोनेकशे किलोमीटर पुण्यातच चालवा आणि पुन्हा पाना लावा. परत आल्यावर आणखी एकदा.